एक रीळ, एक ओळ

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी चोर पकडले, दरोडेखोर पकडले, एकदा चुकून एका आमदाराचा भाचाही पकडला. पण ज्या प्रकरणात मी कोणालाच पकडलं नाही, तेच आज सगळ्यांत लख्ख आठवतं. त्यात खून नव्हता, सोनं नव्हतं, पळापळ नव्हती. एक जुनी टॉकीज होती, एक नवं हॉटेल होतं आणि दुपारी बाराचा खेळ होता.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. मी नांदेडकडून, मुदखेडच्या ठाण्यातून, फौजदार म्हणून तिथे बदलून आलो. नवा जिल्हा म्हणजे काय, तर नव्या पाट्या. गावात कचेऱ्यांना पुरतील एवढ्या इमारती नव्हत्या, पण कचेऱ्या तर येऊन उभ्या होत्या. मग मिळेल त्या इमारतीवर पाटी चढायची. निजामाच्या काळात अंमलदारांसाठी बांधलेला एक क्लब होता. त्याच्या सागवानी फरशीवर कधीकाळी म्हणे मेणबत्त्यांच्या उजेडात मेजवान्या झडायच्या. आता तिथे एका खात्याचे चाळीस कारकून बसत आणि फरशीच्या फटींत टाचण्या हरवत. नाटक कंपन्या जिथे उतरायच्या त्या मुसाफिरखान्यात टंचाई शाखा आली. प्रत्येक पाटीला उद्घाटन आणि प्रत्येक उद्घाटनाला आमचा बंदोबस्त. ठाण्यातले जमादार एकदा म्हणाले, "साहेब, बाजारात आता फीत मिळून राहिली न्हाई. परवा पाणंदीच्या उद्घाटनाला पायजम्याची नाडी कापली."

पाऊस मात्र नव्या जिल्ह्यात हजरच झाला नव्हता. सलग दुसरं साल कोरडं होतं. टँकर आला की गल्लीत आधी आवाज यायचा तो भांड्यांचा, मग भांडणाचा. आमच्या ठाण्यात त्या उन्हाळ्यात दाखल झालेल्या मारामाऱ्यांपैकी निम्म्या टँकरच्या नळीपासून दहा पावलांच्या आत घडलेल्या होत्या.

बाजारपेठेच्या मागे ती टॉकीज होती. एका जिनिंगवाल्याने निजामाच्या काळात हौसेने बांधलेली. दर्शनी भिंतीवर चुन्याचे दोन हत्ती, आत हिरव्या मखमलीचा पडदा. तो पडदा वर जाताना त्याच्या झालरीतले रंगीत दिवे एकामागून एक लागायचे आणि तेवढंच बघायला औसा-रेणापूरची माणसं गाड्या जुंपून यायची, असं जुने लोक सांगत. पुढे मालकाचे वारस हैदराबादला गेले. एका हत्तीची सोंड पडली. मखमलीचं पोतेरं झालं. गावात टेबलावरच्या टीव्हीवर पिक्चर दाखवणारी व्हिडिओ सेंटरं निघाली आणि टॉकीजला उरली ती कोणी परत न मागितलेली जुनी रिळं.

तिथली एक रीत मात्र टिकून होती. बायकांचा जनाना पूर्वापार वेगळा. मागच्या बोळात त्याचं स्वतंत्र दार, आत उंच भिंतीचं अंगण, आणि सभागृहात लाकडी आडोशापलीकडे पाच ओळी. त्या दारातून पुरुष कधीच आत जात नसे. दुपारी बाराचा खेळ तर फक्त बायकांचाच असायचा. टॉकीज सांभाळायला एकच माणूस होता. तोच व्यवस्थापक, तोच मशीन चालवणारा. साठी ओलांडलेला, काटक. सारं गाव त्याला चाचा म्हणायचं.

याच्या बरोबर उलट नशीब होतं औसा रस्त्यावरच्या नव्या हॉटेलचं. तीन मजले, काळ्या काचा, आणि दारात कारंजं. कारंज्यात सिमेंटचे चार हंस. जिल्ह्यात येणारा प्रत्येक पाहुणा इथेच जेवला पाहिजे, अशी हॉटेलच्या शेठजींची मनीषा होती आणि ती बरीचशी पुरीही होत होती.

एके दिवशी सकाळी हे शेठ ठाण्यात आले. त्यांच्या आधी त्यांचं अत्तर आलं.

"फौजदारसाहेब, गावाची अब्रू चालली."

"कोणीकडे?"

"टॉकीजीत."

मी खुर्ची दिली. ते पुढे झुकले. "बाराच्या खेळाला साठ-साठ बायका आत जातात. पिक्चर कोणता? जुनापुराणा, रेघोट्या पडलेला. महिना झाला, तोच चालू हाय. अन् मध्यंतराच्या आत समद्या मागच्या बोळातून बाहेर. थोड्या थोड्या वेळानं दहा-बारा, दहा-बारा. काय समजावं माणसानं?"

"तुम्ही काय समजलात?"

"मी घरंदाज माणूस हाय, साहेब. माझ्या तोंडून कशाला वदवता?"

"मग लिहून द्या."

"लिहून न्हाई. मोठ्या साहेबांच्या कानावर घातलंय मी." एवढं सांगून ते उठले. अत्तर मागे रेंगाळलं.

जिल्ह्याच्या पोलिसांचे मोठे साहेब म्हणजे आमच्या नोकरीचे धनी. संध्याकाळी त्यांचा निरोप आलाच: चौकशी करा, तथ्य असेल तर छापा घाला. आता असा छापा म्हणजे काय ते वाचकांना सांगितलं पाहिजे. दोन पंच घ्यायचे, महिला पोलीस घ्यायची आणि आत सापडेल त्या प्रत्येक बाईचं नाव, वय, नवऱ्याचं नाव, राहणार कोठे हे पंचनाम्यात लिहायचं. पुढे कोर्टात काहीही सिद्ध होवो. पंचनाम्यात आलेलं बाईचं नाव गावाच्या तोंडून पुन्हा जात नाही. साठ बायका म्हणजे साठ घरं. एका तोंडी तक्रारीवर साठ घरांना हात घालायचा का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

मी आधी पाळत ठेवली. जमादार साध्या कपड्यांत बोळाच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीच्या दुकानात तीन दिवस बसले. माणूस चौथी पास, पण नजर कॅमेऱ्यासारखी. दिसेल ते सगळं वहीत उतरवायचे, कावळ्यासकट. मी त्यांच्या नोंदी भराभर चाळल्या. वेळ, संख्या, पुरुष आत गेला का? नाही. बाहेर आला का? नाही. बाकी घागरी वगैरे बराच तपशील होता. तो मी सोडून दिला. त्या दिवसांत गावात घागरीवाचून बाई दिसली असती, तरच कोणी वळून पाहिलं असतं.

मग मी शिपाईबाईंना पाठवलं. नव्या जिल्ह्याच्या आमच्या ठाण्याला एकच महिला शिपाई मिळाली होती. रेणापूरकडची, सडपातळ, कमी बोलणारी. साधं लुगडं नेसून, तिकीट काढून त्या आत गेल्या आणि तासाभराने माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"काय दिसलं?"

"पिक्चर दिसला, साहेब."

"पूर्ण?"

"न्हाई. जत्रेत पोरगं हरवतं तितवर."

"मग उठलात का?"

"डोकं दुखून राहिलं होतं."

"आत पुरुष होता?"

"एक बी न्हाई. वर मशीनवर चाचा. खाली समद्या बायाच."

"काही संशयास्पद?"

त्यांनी विचार केला. "खुर्च्यांत ढेकणं लई हायेत."

खोटं बोलणारा माणूस एक तर फार बोलतो, नाही तर ढेकणांवर बोलतो. बाई काहीतरी लपवत आहेत हे मला कळलं. माझीच शिपाई माझ्यापासून लपवते, म्हणजे गोष्ट मोठी असणार, असं वाटून मी जास्तच अस्वस्थ झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांना ठाण्यात बोलावलं.

पांढरा सदरा, इस्तरी केलेला, कॉलर विरलेली. हाताला मशीनच्या तेलाचा वास. समोरच्या बाकावर ते ताठ बसले.

"चाचा, जनान्यात काय चालतं?"

"पिक्चर चालतो, साहेब."

"बायका मध्येच उठून का जातात?"

"बायांना कोन इचारनार? घरी चूल असती, लेकरं असतात."

"सगळ्यांच्या चुली एकदम पेटतात? बारा बाराच्या घोळक्यानं? घड्याळ लावल्यासारख्या?"

मी दोन तास घेतले. मशीनबद्दल विचारलं की भरभरून बोलायचे. मशीनच्या दिव्यात कार्बनची कांडी कशी जळते, फाटलेली फिल्म कशी जोडायची, सगळं. जनान्याचं नाव काढलं की भिंत. शेवटी मी आवाज चढवला.

"चाचा, तुम्ही बोलला नाहीत तर मला छापा घालावा लागेल. पंच घेऊन."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. हात जोडले. "मला आत टाका, साहेब. लायसन घ्या. पन बायांची नावं कागदावर घालू नका. माझ्या दारातून आत आलेली बाई म्हंजी माझ्या घरची बाई."

"कोणत्या गुन्ह्यात आत टाकू?"

"ते मी कसं सांगू? ते तुमचं काम."

अपराधी माणूस आधी स्वतःला वाचवतो. समोरचा माणूस स्वतःला पुढे ढकलत होता आणि मागे कोणाला तरी लपवत होता. असा माणूस पोलिसाला फार अडचणीचा. गाव सोडून जाऊ नका, असं बजावून मी त्यांना जाऊ दिलं.

"कुठं जानार?" ते चप्पल घालता घालता म्हणाले. "साडेअकराला दार उघडायचं असतं."

दुपारी वीज गेली. टेबलावर जमादारांची वही होती. उकाड्यात दुसरं काही सुचेना म्हणून मी ती पुन्हा उघडली आणि या वेळी सोडून दिलेला मजकूर वाचला. पहिला घोळका: "आत जाताना घागर काखेत, आडवी. चुंबळ हातात. बाहेर येताना घागर डोक्यावर, उभी. घागरीच्या तोंडाला फडके बांधलेले." दुसरा घोळका: "वरीलप्रमाणे." तिसरा: "वरीलप्रमाणे." तीन दिवस, सगळीकडे वरीलप्रमाणे.

गावात कुठेच पाणी नव्हतं आणि टॉकीजमधून रोज साठ भरलेल्या घागरी बाहेर पडत होत्या. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. लपवलेल्या वस्तू शोधायची सवय लागलेल्या पोलिसाला त्या दिसल्या नव्हत्या.

मी जमादारांना बोलावलं. "हे तुम्हाला तेव्हाच कळलं नाही?"

"कळलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं किती बाया. कशाला जातात ते कुठं इचारलं?" मग मान खाली घालून, "अन् साहेब, आमची मंडळी बी त्यातच असती."

शिपाईबाईंना बोलावलं तेव्हा त्या रडल्या वगैरे नाहीत. सरळ उभ्या राहिल्या. "टँकर येतो तवा मी ड्युटीवर असते, साहेब. सासू घागर घिऊन उभी ऱ्हायली तर लोकांनी ढकलून दिली, हात मोडला तिचा. वर्दी घातली म्हनून घरच्यांला तहान लागत न्हाई, असं हाय का?"

"माझ्याशी खोटं बोललात."

"डोकं खरंच दुखत होतं. तुमाला काय सांगावं, त्या इचारानं."

मी जमादारांची वही मिटली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी साध्या कपड्यांत टॉकीजच्या पुढच्या दाराने आत गेलो आणि अरुंद जिन्याने वर मशीनच्या केबिनमध्ये. चाचांनी मला पाहिलं. काही न बोलता एक स्टूल पुसून दिलं. भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून पडदा दिसत होता. खाली आडोशापलीकडे बायका असाव्यात. दिसत नव्हत्या, पण बांगड्यांचा आवाज येत होता.

"समजलं ना तुमाला?" चाचांनी विचारलं.

"घागरीचं समजलं. बाकी तुम्ही सांगा."

पहिलं रीळ फिरत होतं. चाचा एक डोळा पडद्यावर ठेवून सांगू लागले. जनान्याच्या अंगणात लिंबाखाली एक आड आहे. टॉकीज बांधायच्या आधी तिथे बाग होती, तेव्हाचा. गावातले सगळे आड आटले, याला एक बारीक झरा राहिला. उपसला की संपतो, थांबलं की पुन्हा पाझरतो. बायका सुरुवातीला एकदम आल्या. चार दिवसांत घागरी फुटल्या, एकीचं डोकं फुटलं.

"मग मी मोजलं," चाचा म्हणाले. "माझ्याजवळ घड्याळ न्हाई. हेच माझं घड्याळ." त्यांनी फिरत्या रिळावर बोट दाखवलं. "एक रीळ सरंपर्यंत आडात बारा घागरी पानी येतं. जनान्यात एका ओळीत खुर्च्या किती? बारा."

एवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपल्याची खूण चमकली. चाचांनी दुसरं मशीन सुरू केलं आणि भिंतीलगत लोंबणारी एक दोरी ओढली. खाली कुठेतरी छोटी घंटा वाजली. बांगड्या खळखळल्या, बारा खुर्च्यांच्या फळ्या एकामागून एक वर आपटल्याचा आवाज झाला आणि पहिली ओळ अंगणात गेली. दुसरं रीळ फिरत होतं तोवर त्या शेंदून, घागरी भरून, बोळातून घरी. दुसरी घंटा, दुसरी ओळ. ज्यांची पाळी यायची होती त्या अंधारात, गारव्याला, खुर्चीत बसून पिक्चर बघत होत्या. आज पहिल्या ओळीत असलेल्या उद्या पाचवीत. पाच रिळांनी मध्यंतर. तोवर आड दमायचा आणि जनाना रिकामा व्हायचा.

मी तोवर पुष्कळ बंदोबस्त केले होते. दोरखंड लावून, लाठ्या धरून, शिट्ट्या फुंकून रांगा केल्या होत्या. एकही रांग धक्काबुक्कीवाचून पार पडली नव्हती. इथे सोंड तुटलेल्या हत्तीच्या पाठीमागे एक म्हातारा एका दोरीवर साठ बायकांना पाणी देत होता, आणि आवाज काय तो बांगड्यांचा.

"पण तिकीट कशाला? तसंच द्यायचं."

"तसंच दिलं तर उद्या गडी येतील. अन् गड्यांच्या पाठी पुढारी. तिकीट असलं की खेळ हाय, अन् खेळ बायांचा हाय. मग जनान्यात गडी येत न्हाई."

"आणि टंचाईवाले? त्यांनी खासगी विहिरी सरकारजमा केल्या. तुमचा आड कसा सुटला?"

चाचा प्रथमच हसले. "आले होते एक जन पंचनामा कराया. नेमका बाराचा खेळ. आत जनाना, कसे येनार? भला मानूस. बोळातूनच भिंतीवरून खडा टाकला, कान दिऊन ऐकलं. आवाज न्हाई आला. लिहिलं कोरडा. खडा लिंबाच्या पारावर पडला, साहेब."

मग त्यांनी शेठजींचंही सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी हॉटेलचा माणूस मागचं अंगण भाड्याने मागायला आला होता. टॉकीज नको, फक्त अंगण. कुणाच्या तरी घरातून बातमी गेली असणार. आता पंधरवड्यावर एका मोठ्या सरकारी इमारतीचं उद्घाटन आलं होतं, पाहुण्यांची पंगत हॉटेलात होती आणि कारंजं उडायला हवं होतं. चाचांनी नकार दिला. टॉकीजचं लायसन गेलं, की हैदराबादचे मालक जागा फुंकून टाकणार, हे शेठना ठाऊक होतं.

"मग ठाण्यात हे बोलला का नाहीत?"

"आड हाय म्हनलं तर आड जातो. न्हाई म्हनलं तर बायांची अब्रू जाती. मी काय म्हनावं, सांगा तुमी."

पाचवी घंटा झाली. शेवटची ओळ उठली. मध्यंतराचे दिवे लागले, विझले. सभागृहात आता कोणीही नव्हतं. चाचांनी सहावं रीळ चढवलं.

"चाचा, खाली चिटपाखरू नाही. बंद करा की."

"तिकीट फाडलंय, साहेब. बायांनी पिक्चरचं तिकीट काढलंय, पान्याचं न्हाई. पिक्चर पुरा दावला न्हाई, तर ती पानीविक्री झाली."

मी कायद्याची परीक्षा पास झालेला माणूस. मला हा मुद्दा सुचला नव्हता. मी स्टुलावरून उठलो नाही. रिकाम्या सभागृहात तो पिक्चर शेवटपर्यंत चालला आणि तो शेवटपर्यंत पाहणारे आम्ही दोघेच होतो. नंतर चाचांनी मला अंगण दाखवलं. आडाभोवतीचे दगड ओले होते. त्या गावात चार महिन्यांत मी पाहिलेले ते पहिले ओले दगड.

आता प्रश्न माझा होता. माझ्याकडची चौकशी अनैतिक धंद्याची. तो नव्हता, हे लिहायला हरकत नव्हती. पण मोठ्या साहेबांना नुसतं 'नाही' पुरणार नव्हतं. शेठ त्यांच्या बैठकीत उठबस करत होते. साहेब म्हणाले, "एका महिला शिपायाच्या सांगण्यावर मी फाइल बंद करू? उद्या छापा घाला, मी स्वतः येतो."

मी तसाच ठाण्यात परतलो. शिपाईबाईंनी माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाल्या, "साहेब, शिपायाचं पटत न्हाई तर बाईसाहेबांना पाठवा की. त्यांचं तर पटंल."

साहेबांच्याच पत्नीला जनान्यात पाठवायची ही सूचना त्यांच्यापुढे मांडायला मला नोकरीतलं बरंचसं धैर्य खर्चावं लागलं. पण साहेब तऱ्हेवाईक असले तरी सरळ होते. जरा विचार करून त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब बिनागाडीच्या, साध्या पातळात, शिपाईबाईंच्या शेजारी तिसऱ्या ओळीत बसल्या. पुढचं शिपाईबाईंनी मला सांगितलं. तिसरी घंटा झाली तशी शेजारची म्हातारी त्यांना म्हणाली, "ऊठ माय, आपली वळ." बाईसाहेबांकडे घागर नव्हती. त्या अंगणात गेल्या, क्षणभर आडाकडे बघत राहिल्या. मग पदर खोचला आणि म्हातारीच्या हातातला दोर घेऊन तिची घागर शेंदून दिली. तळहाताला फोड आला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "अहवाल पाठवून द्या. काही आक्षेपार्ह नाही असा." थोडं थांबून, "पिक्चर बरा आहे म्हणे."

एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून बंगल्यावरच्या हिरवळीला पाणी घालणं बंद झालं. महिनाभरात ती आमच्या परेड मैदानासारखी झाली.

मी अहवाल लिहिला. अनैतिक व्यवसाय आढळून आला नाही. खेळ वेळेवर सुरू होतो व पूर्ण दाखवला जातो, हे समक्ष पाहिले. शेवटी एक ओळ घातली: "सदर आवारातील आड महसूल पंचनाम्यानुसार कोरडा आहे." यातलं प्रत्येक अक्षर खरं होतं. शेठ पुन्हा आले तेव्हा मी त्यांच्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. तक्रार लेखी द्या, सही करा, मी पुन्हा चौकशी करतो. त्यांनी पेनकडे पाहिलं आणि घड्याळात वेळ बघून निघून गेले.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. कारंजं टँकरच्या पाण्यावर अर्धा तास उडालं. पाणी गढूळ होतं. भाषणं संपेपर्यंत चारही हंस चहाच्या रंगाचे झाले होते. टॉकीजचा बाराचा खेळ मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत एक दिवसही चुकला नाही.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. हाताखालच्या माणसाने लिहिलेलं सगळं वाचावं, 'वरीलप्रमाणे'सुद्धा. दुसरी गोष्ट मी पुढे प्रत्येक बंदोबस्तात आठवत आलो. लोकांना शिस्त नाही, असं आम्ही साहेब लोक फार सहज म्हणतो. रांगेतल्या माणसाला बसायला खुर्ची देणारी रांग मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती मोडायला एकही बाई तयार नव्हती.

इमारतींचं नशीब पुढेही फिरत राहिलं. क्लबाची सागवानी फरशी लिलावात गेली. हॉटेल दोनदा विकलं गेलं. आता तिथे शिकवण्यांसाठी आलेल्या मुलांचं वसतिगृह आहे आणि कारंज्याच्या हौदात मुलं सायकली लावतात. हंस गेले. चाचाही गेले. टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. बिनसोंडेचा हत्ती मात्र कोणीतरी दरवर्षी रंगवतो.

मागच्या वर्षी तिथेच एका लग्नाला गेलो होतो. शिपाईबाईंच्या नातीचं लग्न. बाई आता पार पिकल्या आहेत. जेवणं झाल्यावर मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. आडावर लोखंडी जाळी होती. लिंबाच्या पारावर त्यांच्या वयाच्या आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या.

"साहेब, एक इचारू? तुमी त्या दिवशी वर केबिनीत शेवटपर्यंत बसला होता म्हनं."

"होतो."

"आमची वळ लई तर पाचवी यायची. मध्यंतराच्या म्होरं कदी कोन गेलंच न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "ते जत्रंत हरवलेलं पोरगं. त्याला त्याची माय सापडती का हो?"

पारावरच्या म्हाताऱ्या बोलायच्या थांबल्या. मी पुष्कळ कोर्टांत साक्षी दिल्या, पण इतकं कान देऊन माझं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"सापडते," मी म्हणालो. "पण तिला ओळखू यायला वेळ लागतो."

"किती?"

"दोन रिळं."

बाईंनी आडाच्या जाळीकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पारावरच्या दोघींना सांगितलं, "चोवीस घागरी."

त्यांनी माना डोलावल्या. त्यांना बरोबर कळलं होतं.